चार बोटं वाढवलेला रुमाल

बीरगांव, रायपूर
२ नोव्हेंबर २०२४

ती. भीमाआत्यास, नीलिमाचा जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. चाळीस वर्षं बाळंतिणींच्या किंकाळ्या ऐकून तुझ्या कानांनी निवृत्ती घेतली, तेव्हापासून आपला फोन म्हणजे मी ओरडते, तू "हो, जेवली" म्हणतेस आणि आमचा अख्खा पारा, म्हणजे इकडचा मोहल्ला, ऐकतो. आजचं पाऱ्याला ऐकवायचं नाही, म्हणून कागद घेतला.

मला सहावा चालू आहे. पोट छान दिसायला लागलंय. प्रशिक कारखान्यातून आला की आधी पोटाला नमस्कार करतो आणि मग बूट काढतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला घागरसुद्धा उचलू देत नाहीत. समता कॉलोनीत रीना मॅडमचा दवाखाना आहे, तिथे नाव घातलं. आता मुद्द्याचं.

समता कॉलोनीत झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी क्लास घेते हे तुला माहीत आहे. घरी सगळ्यांना वाटतं, योगा शिकवते. तुलाही तेच सांगितलं होतं. आत्या, तो योगा नाही. बेली डान्स आहे. पोटाचा आणि कमरेचा नाच. अंगभर कपडे घालून, कमरेला सोनेरी चकत्यांचा रुमाल बांधून. नागपूरला शिकले, परीक्षा दिल्या, आणि आज माझ्याकडे अकरा बायका येतात. त्यात एक दातांची डॉक्टर, एक बँकेतली साहेबीण, दोघी माझ्यासारख्याच पोटुशा. चांगली शिकवते मी. हे दुसरं कुणी म्हणायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन.

दिवस राहिल्यावरही मी नाच सोडला नाही. सावकाश करते. कंबर गोल फिरवायची, मग आठचा आकडा काढायचा, श्वास सोडत. उड्या नाहीत, झटके नाहीत. बाळ अशा वेळी गप्प होतं, ऐकत असल्यासारखं. कळा सुरू झाल्यावरही मला निजून राहायचं नाही, उभं राहून फिरायचं आहे. मॅडम म्हणतात, सगळं नीट असेल तर माझी ना नाही. पण त्या डॉक्टर आहेत, तू भीमाबाई नर्स आहेस. तू सांग, याने बाळाला काही होतं का? खरं सांग.

आणि एक. दवाखान्यात कार्ड भरताना बाबूने विचारलं, "क्या करती हैं?" आई शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, "हाउसवाइफ." त्याने लिहिलंसुद्धा. घरी येईपर्यंत माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना.

दोन वर्षांपूर्वीचं मात्र पत्रात काढू नकोस.

तुझी,
नीलिमा

⁂

तुमसर
११ नोव्हेंबर २०२४

चि. नीलिमास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा चष्मा लावून. दुसऱ्यांदा जरा बरं वाटलं.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. सोनोग्राफीत वार, रिपोर्टात प्लासेंटा लिहितात ती, वर आहे की खाली? खाली असेल तर नाच आजच बंद, पुढे एक अक्षर बोलायचं नाही. रक्त किती भरलं? प्रेशर किती? पायावर सूज? अंगावरून काही जातं का? हे सगळं न लिहिता "बाळाला काही होतं का" विचारतेस, आणि म्हणे शिक्षिका.

पोटाचा नाच! आमच्या वेळी पोट असायचं, नाच नसायचा. आता लोकांनी तुला वेगळं म्हणावं असं वाटत असेल तर ती हौस बाळंत झाल्यावर पुरी कर, पोट काही पळून जात नाही. सातव्यात तू इकडे ये. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. माझी वहिनी, तुझी आई, आज असती तर तिनेच नेलं असतं, ती नाही म्हणून मी आहे. गुडघा दुखतो, पण तुझ्यापुरता चालतो.

सासूला फसवू नकोस. ती साधी बाई आहे. साध्या माणसांना सगळं कळतं, ती फक्त उशिरा बोलतात.

आशीर्वाद,
भीमाआत्या

⁂

बीरगांव
२८ नोव्हेंबर २०२४

भीमाबाई विहीनबाई, जय भीम.

मी कांताबाई, प्रशिकची माय. हे पत्र माह्या हातचं हाय. साक्षरतेच्या वर्गात दोन वर्ष गेली, तिथं हिंदी शिकवलं, पण अक्षरं तर तीच. चुकलं तं समजून घ्या. तुमचा पत्ता लिफाफ्यावरून घेतला. आतलं वाचलं नाही. सुनेचं पत्र वाचाची मले सवय नाही.

मंगळवारी मी मेथीचे लाडू घेऊन समता कॉलोनीत गेली. मनात म्हटलं पोट्टी उपाशी असन. जिना चढली तं वर गाणं वाजून राहिलं. योगात गाणं असते का? दार थोडकं उघडं होतं. मी पायरीवरच थांबली. माही सून मधात उभी, कमरेले चमकीचा रुमाल, आन पोट असं हळूहळू फिरवून राहिली, जसं सुपात तांदूळ घोळवते. दहाबारा बाया तिच्याकडं पाहून तसंच करून राहिल्या. एक म्हने, "मैडम, मेरा ठीक है क्या?" माह्या सुनेले मैडम म्हने. ते दातवाली डाक्टरीन हाय, तिच्याकडं मी दाढ काढली होती, म्हून ओळखली.

पहिले मले लय राग आला. लाडवाचा डबा तसाच घेऊन उतरली. ऑटोत बसली. बीरगांव येईपर्यंत राग टिकला नाही. विहीनबाई, प्रशिक पोटात होता तेव्हा मी बिल्डिंगच्या कामावर रेजा होती. रेतीचं घमेलं डोक्यावर घेऊन तीन मजले चढे. नववा लागला तरी चढे. ठेकेदारानं म्हटलं नाही, सासूनं म्हटलं नाही, नवऱ्यानं म्हटलं नाही, की कांता, पोटाले जप. कोनालेच माह्या पोटाचं भेव नव्हतं. आन आता पोट्टी हसत हसत पोट फिरवून राहिली, तं मलेच काहून टोचून राहिलं?

मले एकच सांगा. तुमी नर्स हा. लेकराले यानं धोका हाय का? असन तं मी तिले हात जोडीन. नसन तं मी काही बोलत नाही. तिनं माह्यापासून लपवलं, म्हंजे तिले माहं भेव वाटते. भेव जाईल तेव्हा ते सोता सांगन. तुमी तिले सांगू नका की मले माहीत हाय.

तो रुमाल तिनं तांदळाच्या कोठीत लपवला हाय. काल तांदूळ काढताना हाताले लागला. मागचे बंद अपुरे पडून राहिले, गाठ मारून मारून सुताचा जीव गेला. मी गोल बाजारातून त्याच रंगाचं कापड आनलं आन दोन्ही बंद चार चार बोटं वाढवले. तिले समजनार नाही असा टाका घातला.

कांताबाई

⁂

तुमसर
५ डिसेंबर २०२४

कांताबाई विहीणबाईंना सप्रेम जय भीम.

तुमचं अक्षर आमच्या डॉक्टरांपेक्षा चांगलं आहे.

नीलिमाने रिपोर्ट पाठवले, मी बघितले. वार वर आहे, रक्त चांगलं, प्रेशर चांगलं. अशा बाईने सावकाश कंबर फिरवली तर लेकराला धोका नाही. पोटात दुखलं, पाणी किंवा रक्त गेलं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. तुम्ही हात जोडू नका.

मी तिला इकडे बोलावलं होतं. आता बोलावत नाही. लपून रुमाल वाढवणारी बाई जिथे आहे, तिथेच तिचं माहेर. कळा सुरू झाल्या की मात्र तिला उगाच निजू देऊ नका. मॅडम हो म्हणतील तोवर उभी ठेवा, फिरू द्या. हे काम मी तुमच्याकडे सोपवते.

तुम्हाला माहीत आहे हे मी सांगणार नाही. पण खोटं बोलायची वेळ आली तर मला जमत नाही, हेही आधीच सांगते.

भीमाबाई

⁂

बीरगांव
१९ डिसेंबर २०२४

आत्या,

जय भीम लिहायलाही हात थांबत नाही, समजून घे.

माझा कमरेचा रुमाल महिनाभर अपुरा पडत होता. बंद ओढून ओढून कशीबशी गाठ बसायची, मग तीही बसेना, म्हणून मी तो ठेवून दिला होता. काल क्लासला सहज नेला आणि बांधून बघितला. बसला. नुसता बसला नाही, वर बोटभर बंद उरले. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि मी घाईघाईने गाठ सोडली. बाई आठव्या महिन्यात बारीक होते का? बाळ आटत तर नाही?

तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी पोट मापलं, ठोके ऐकवले, म्हणाल्या, "बिल्कुल ठीक है नीलिमा, बढ़िया बढ़ रहा है." पण मागच्या वेळीही सगळे ठीकच म्हणाले होते. हो, मीच काढू नकोस म्हटलं होतं, आता मीच काढते.

मागचं तिसऱ्या महिन्यात गेलं त्याच्या दोन दिवस आधी मी तीन तास नाचले होते. एका कार्यक्रमाची तालीम होती. घाम निथळेपर्यंत नाचले आणि इतकी खूश होते की घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मग ते झालं. प्रशिकला सांगितलं नाही. आईंना सांगितलं नाही. त्या मला उशाशी बसून पेज भरवत होत्या आणि मी मनात म्हणत होते, यांना कळलं तर वाटी खाली ठेवतील. आत्या, मी मारलं का गं त्याला? पहिल्या पत्रात मला हेच विचारायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून नाचाच्या बढाया मारल्या.

बढाया म्हणते, पण त्या खोट्या नाहीत. हा नाच हे माझं काम आहे. त्याने माझंच लेकरू नेलं असेल तर क्लासातल्या त्या दोघी पोटुशींना मी कोणत्या तोंडाने शिकवू? तू हो म्हणालीस तर क्लास बंद करते. लवकर लिही.

नीलिमा

⁂

तुमसर
२३ डिसेंबर २०२४

माझ्या पोरी,

पत्र वाचता वाचता उठ, रुमाल आण आणि त्याची उलटी बाजू बघ. बंदांजवळ.

बघितलंस? टाका कुणाचा आहे ते तुला कळेल. रोज तुझ्या नवऱ्याच्या कारखान्याच्या कपड्यांवर तोच असतो. बाळ आटलं नाही, बंद वाढले आहेत, दोन्हीकडे चार चार बोटं. तुझ्या सासूला महिनाभर सगळं माहीत आहे. जिन्यात उभं राहून तिने तुझा क्लास बघितला. मला तिने पत्र लिहिलं आणि सांगू नका म्हणाली. मी तिचा शब्द मोडते आहे, तिला सांग भीमाबाईने माफी मागितली.

आता दुसरं. कान माझे गेले आहेत, तुझे शाबूत आहेत, तर नीट ऐक. तू मारलं नाहीस. तिसऱ्या महिन्यात जातं ते बहुतेक वेळा मुळातच धरलेलं नसतं. नाचण्याने मुलं जात असती तर कापूस वेचणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, धान रोवणाऱ्या बायांना एकही मूल झालं नसतं, आणि मला चाळीस वर्षं घरी बसून पगार मिळाला असता. तू नाचलीस, खूश झालीस, दोन भाकरी जास्त खाल्ल्यास. तो त्या लेकराचा चांगला दिवस होता. तो त्याच्यापासून काढून घेऊ नकोस.

मीही तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आरोग्य केंद्राच्या गावात वनमाला नावाची दाई होती. ती अडलेल्या बाईला जात्यापाशी बसवायची. जात्यात दाणा नसायचा. रिकामं जातं ओढायला लावायची, दोन्ही हातांनी, मोठं गोल. कमरेपासून फिर, म्हणायची. मी नवीन नर्स, पांढरी साडी, कडक इस्त्री. मी तिला अडाणी म्हणाले आणि केंद्राच्या पायरीवर चढू दिलं नाही. माझ्याकडच्या बाया टेबलावर उताण्या, हलायचं नाही, ओरडायचं नाही. एक बाई सोळा तास तशीच होती. वनमाला पायरीखाली उभी राहून म्हणत होती, "बाई, तिले उठू द्या." शेवटी मी थकले आणि उठू दिलं. वनमालाने तिला खांबाला धरून उभं केलं आणि कंबर फिरवायला लावली. तासाभरात मूल झालं. खणखणीत रडलं. त्यानंतर मी कुणाला निजवून ठेवलं नाही.

पण ऐक, लाज कशाची वाटते ते. रजिस्टरमध्ये "प्रसूती कोणी केली" असा रकाना असतो. त्यात मी माझं नाव लिहिलं. पुढेही जेवढ्या बाया मी वनमालाच्या रीतीने सोडवल्या, तेवढ्या माझ्याच नावावर. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ती गेली तेव्हा मी जिल्ह्याचा सत्कार घेत होते.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस, कंबर गोल फिरवायची. मी रागावले ते तुझ्यावर नाही, मला ते जातं दिसलं. क्लास बंद करायचा नाही. मी केंद्रात चाळीस वर्षांत जे उशिरा शिकले, ते तू अकरा बायांना आधीच शिकवते आहेस. मला तुझा अभिमान वाटतो. मोठ्या अक्षरात लिहिलं असतं, पण कागद संपला.

तुझी,
आत्या

⁂

बीरगांव
२१ फेब्रुवारी २०२५

विहीनबाई भीमाबाई, जय भीम.

नात झाली. दोन किलो नऊशे. तार करावी वाटली, पण आता तार नसते म्हने, म्हून पत्र. प्रशिकनं फोन केला तं तुमी "हो, जेवली" म्हटलं. म्हून परत सगळं सांगतो.

तुमचं ते पत्र आलं त्या दिवशी नीलिमा रुमाल घेऊन माह्यासमोर उभी राहिली. डोये भरून होते. तिनं मले सारं सांगतलं, पहिल्या लेकराचंही. मी वाटी खाली ठेवली नाही. मी म्हटलं, "आता तांदळात लपवू नको, कपडा खराब होते." मंग दोघी रडलो. मंग मी लाडू दिले.

सोमवारी सकाळी सहाले कळा सुरू झाल्या. समता कॉलोनीत गेलो. तिथली सिस्टर म्हने, "अम्मा, इनको लिटाओ." मी म्हटलं, "नई लेटेगी. मैडम से पूछो." तुमी काम सोपवलं होतं ना. रीना मैडम आल्या, तपासलं, म्हने, "चलने दो, धड़कन अच्छी है."

तिच्या पोटाले मधातमधात मशीनचा पट्टा लावत, म्हून रुमाल तिले बांधता येत नव्हता. ते म्हने, "आई, चकत्यांचा आवाज पाहिजे, त्याच्याबिगर मले ताल सापडत नाही." आता काय कराव? मी रुमाल माह्या लुगड्यावर बांधला. एकसष्टची आहो मी विहीनबाई. माह्या कमरेले तो बरोबर आला, बंद वाढवलेच होते. तिनं माह्या गळ्यात हात टाकले, मी तिची कंबर धरली. कळ आली की ते गोल फिरे, मी तिच्यासंग फिरे. चकत्या वाजत. ते मोठ्यानं श्वास सोडे, मीही सोडो. पहिले मी चुकून राहिली, तं त्या कळेतही मले म्हने, "आई, गुडघे सैल." मैडमच हाय ते! दारात दोन सिस्टरा येऊन हसून राहिल्या होत्या. मंग एक जन बाजूच्या खोलीतल्या बाईले उठवून आली, म्हने, "अम्मा, इनको भी दिखा दो." मी म्हटलं, "मुझसे मत पूछो, सिखाने वाली ये है."

अकरापासून तं साडेतीनपर्यंत नाचलो. प्रशिकच्या वेळी मी एकटी होती, कामावरून आली आन खाली बसली, बस. या वेळी मी माह्या वाट्याचंही नाचून घेतलं. माह्या पायाले अजून गोळे येऊन राहिले, पन सांगतांना बरं वाटते. शेवटी टेबलावर घेतलं आन वीस मिनिटांत पोट्टी आली, डोये उघडे ठेवून. मैडम म्हने, अशी शांत बाळंतीन मी कमी पाहिली. मी म्हटलं, शांत कुठं, इतका आवाज तं केला.

आज सुट्टी झाली. जाताना बाबूनं जन्माचा कागद भराले घेतला. बापाचा पेशा इचारला, प्रशिकनं सांगतला. मायचा पेशा इचारला. कार्डावर पाहून तोच म्हने, "हाउसवाइफ, है ना?" नीलिमा लेकराले पाजून राहिली होती, तिनं मान वर केली, पन मी पहिले बोलली. विहीनबाई, प्रशिकच्या कागदावर माह्या नावापुढं "कुछ नहीं" लिहलं हाय. त्या सकाळपर्यंत मी घमेलं उचललं होतं. तेव्हा मले वाचता येत नव्हतं, अंगठा देऊन आली. पंधरा वर्षांनं वाचता आलं तेव्हा समजलं, काय लिहलं ते. तुमच्या त्या वनमालाबाईचंही नीलिमानं मले वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, "हाउसवाइफ नहीं. काटो. लिखो, डांस टीचर."

बाबू म्हने, "कौन सा डांस, अम्मा?"

मी म्हटलं, "पेट का. जिससे ये बच्ची आई, वो."

त्यानं माह्याकडं पाह्यलं, नीलिमाकडं पाह्यलं, आन लिहलं. मी चष्मा लावून वाचून घेतलं. बरोबर लिहलं होतं.

कांताबाई